मूठभर जुनं पीठ

आत्याने पावाची भट्टी सकाळीच भाचीच्या हवाली केली, पण दुपार झाली तरी तिचा पाय काही तिथून निघेना. ॲप्रन काढून ठेवला, तरी हात शिवशिवत होते. भाची भांडी जरा जोरात ठेवत होती. उद्याचा पाव हा तिचा स्वतःचा पहिला पाव. तो फुगला नाही, तर गिऱ्हाइकं जन्मभर आत्यालाच शोधत बसतील, ही तिची धास्ती.

एवढ्यात भाचीची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत, शाळेतून आली आणि पिठाच्या पोत्यावर चढून बसली. तिला वर्गात एका इंग्रजी क्रियापदाची जन्मकथा सांगायची होती. वाट्याला आलं होतं ‘रिलिंक्विश’. अर्थ होता, ताबा किंवा हक्क सोडणे. म्हणजे टाकून द्यायचं, एवढंच ना, असं म्हणून ती मोकळी झाली.

आत्याला शिकवायला कुणीतरी हवंच होतं. दोघींनी जाडजूड शब्दकोश उघडला. शब्द लॅटिनमधला निघाला. ‘लिंक्वेरे’ म्हणजे सोडणे, आणि त्याच्या आधी जोडलेला ‘रे’ म्हणजे मागे. जपून ठेवलेल्या जुन्या अवशेषाला इंग्रजीत ‘रेलिक’ म्हणतात, तोही याच घराण्यातला.

“बघ, टाकून देणं वेगळं,” आत्या म्हणाली. “या शब्दाच्या पोटात मागे ठेवून जाणं आहे. आपण नाही का, पाव वळायच्या आधी मूठभर आंबलेलं पीठ बरणीत मागे ठेवतो? त्याच्यावरच तर उद्याचं फुगतं. आण बरं ती बरणी.”

भिंगरीने बरणी आणली. ती धुऊन लख्ख होती.

आत्याने भाचीकडे पाहिलं, भाचीने आत्याकडे.

“ते तर रोज तूच काढतेस,” भाची म्हणाली.

“मला वाटलं, आता मालकीण तू.”

“म्हणजे दोघींनीही सोडलं,” भिंगरी म्हणाली, “पण मागे कुणीच ठेवलं नाही.”

भाचीचा चेहरा रडवेला झाला, आणि मग आत्याला इतकं हसू फुटलं की तीही हसायला लागली. हसता हसता आत्याची नजर पीठ मळायच्या काथवटीकडे गेली. अजून धुतली नव्हती. कोपऱ्यांत पीठ चिकटलेलं होतं. तिने उलथणं उचललं. मग काय वाटलं कोण जाणे, ते भाचीच्या हातात दिलं आणि आपले हात पाठीमागे घट्ट धरले.

भाचीने कोपरे खरवडले. सुपारीएवढा गोळा निघाला. त्यात तिने कोमट पाणी आणि नवं पीठ घातलं. पाणी जास्त होतंय, हे आत्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत ती चपला घालून घरी गेली.

सकाळी ती दुकानात आली ती रांगेतून, पिशवी घेऊन. पाव जरा बसके होते. भाचीने विचारलं, कसा झालाय. आत्याने तुकडा मोडला, सावकाश चावला.

“चव आहे,” ती म्हणाली. “आज मागे ठेवलंस ना?”

“ठेवलं. दोन मुठी.”

मागचे गृहस्थ पुढे वाकले. आत्याबाई, कुरकुरीत पाव कधी निघेल, त्यांनी विचारलं.

आत्याने पिशवी खांद्याला लावली. “मला काय विचारता? मालकीणबाईंना विचारा,” म्हणाली आणि चालू लागली.