डाव्या दाराचा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. गाडी धुण्याचा. डावा की उजवा ते विचारू नका. मी दोन्ही हातांत बसतो आणि म्हणूनच मला जोडीदार नाही. थंडीचे मोजे जोडीने जन्माला येतात, जोडीने कपाटात निजतात, एक हरवला तर दुसऱ्याकडे बघून कुणीतरी हळहळतं. मला मात्र कारखान्यातूनच एकटं काढलं. तक्रार म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे थोडी तक्रार आहेच.

जन्माचं फारसं आठवत नाही. यंत्रांचा खडखडाट आणि अंगावर शेवयांसारखे उगवत गेलेले मऊ, जाड झुबके एवढंच आठवतं. मग खोक्यातला लांबलचक अंधार. उजेड दिसला तो सरोवराकाठच्या किसुमू शहरातल्या किबुये बाजारात. एका दोरीवर मला चिमट्याने टांगलं होतं. एका बाजूला पिवळे स्पंज, दुसऱ्या बाजूला मेंढीच्या लोकरीचे गुबगुबीत मोजे. गिऱ्हाइकं यायची, स्पंज घेऊन जायची. माझ्याकडे बघून म्हणायची, "हे काय, मेलेलं कोंबडीचं पिल्लू?"

एक दिवस म्झे ओगुटू आले; म्झे म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्याला मानाने मारायची हाक. सरोवरावरच्या फेरीबोटीचे निवृत्त तांडेल. उंच, ताठ, टोपी किंचित तिरकी. म्हातारपणातही ऐट अशी की बाजार आपल्यासाठीच भरलाय असं वाटावं.

"माझी गाडी काळी आहे," ते दुकानदारणीला म्हणाले. "काळ्या रंगावर पाप लपत नाही. ओरखडा पाडणार नाही आणि चार महिन्यांत फाटणार नाही असं काहीतरी दाखव."

तिने स्पंज पुढे केला. म्झेंनी तो दाबून परत दिला. "हा धूळ पोटात घेत नाही, तोंडावर धरून बसतो. गाडीवर फिरवला की तीच वाळू तिच्या अंगावर घासणार." लोकरीचा मोजा त्यांना आवडला, पण त्याचे केस ओढताच दोन हातात आले. "मऊ आहे खरा. आमच्या दमट हवेत कुबट होईल बिचारा." मग माझी पाळी. त्यांनी माझे झुबके ओढून पाहिले, मला उलटं करून शिवण तपासली, मनगटाचं इलॅस्टिक ताणलं. शिवणीत एक कडक पट्टी होती, ती ब्लेड मागून तिथल्या तिथे काढून टाकली. शेवटी मला मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवलं आणि डोळे मिटून थोडा वेळ थांबले.

"म्झे, गाडी धुणार आहात की नवरीला न्हाऊ घालणार?" दुकानदारीण हसली.

"नवरी असती तर तिनेच मला धुतलं असतं, पोरी. चांगलं आपटून आपटून!"

सगळे हसले, तेही हसले. मी तेव्हा त्यांच्या हातात होतो. तो हात गार होता.

आमच्या सरोवराच्या काठी गाड्या धुवायची पद्धत साधी आहे. गाडी सरळ पाण्यात घालायची, चाकं बुडेपर्यंत, आणि डब्याने पाणी मारायचं. तोवर मालक काठावरच्या पत्र्याच्या खानावळीत तळलेला मासा आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली खात बसतो. पण म्झे आपली गाडी पाण्यात घालू द्यायचे नाहीत. "जन्मभर मी पाण्यात होतो, ती राहू दे जमिनीवर." ते दोन बादल्या भरून ठेवायला लावत, वाळू तळाशी बसेपर्यंत थांबत. एका बादलीत साबण, दुसरीत नुसतं पाणी. गाडीचा एक भाग झाला की मला नुसत्या पाण्यात खळखळून मळ झाडायचा आणि मगच पुन्हा साबणात बुडवायचं. काठावरचे लोक म्हणायचे, म्हाताऱ्याने गाडीचं बाळंतपण मांडलंय.

गाडी धुवायची ती अपोंडी. चाळिशीची, दणकट, आवाज पलीकडच्या होडीत ऐकू जाईल असा. म्झे तिला न्यार-अलेगो म्हणत, म्हणजे अलेगोची, तिच्या माहेरच्या मुलखाची, लेक. माहेरच्या नावाने हाक मारली की ती खुलायची. पण म्झेंची ताकीद होती. "हा मोजा माझ्याच गाडीला. दुसऱ्या गाडीला लावलेला चालणार नाही." म्हणून म्झेंचा शुक्रवार सोडून सगळे दिवस मी तिच्या टपरीतल्या खिळ्यावर लटकत असायचो. समोर फडकी आणि स्पंज दिवसभर मताटू, म्हणजे भाड्याच्या प्रवासी गाड्या, धुवायचे, चिखलात लोळायचे, रात्री एकाच बादलीत दाटीवाटीने झोपायचे. त्यांच्यात धमाल असायची. मला कुणी हाक मारत नसे. मी स्वच्छ होतो, मऊ होतो आणि एकटा होतो.

एका शुक्रवारी अपोंडीच्या हातून मी वाळूत पडलो. तिने मला दोनदा झटकलं आणि गाडीला लावणार, तोच म्झे मासा टाकून ओरडत आले. "थांब! वाळूत पडलेला मोजा आज गाडीला लागणार नाही!" सगळा काठ बघायला लागला. शेजारी धुणारा ओडेरो म्हणाला, "अपोंडी, तुझ्या हाताला अजून परवाना नाही वाटतं!" तिचं तोंड उतरलं. एवढ्या वर्षांत तिला कुणी असं बोललं नव्हतं.

आणि त्यात भर होती ती डाव्या दाराची. गाडी सगळी अपोंडीने धुवायची, पण पुढचं डावं दार म्झे स्वतः धुवायचे. मला हातात चढवायचे, गुडघे टेकवायचे आणि तिच्याकडे पाठ करून बसायचे.

"माझा हात काय खवल्यांचा आहे का, म्झे?" ती एकदा म्हणालीच. "तीन दारं चालतात, चौथं नाही?"

"ते दार माझं. तू बाकीचं बघ."

मित्रांनो, त्या दाराचं गुपित फक्त दोघांना ठाऊक होतं, एक म्झे आणि दुसरा मी. दाराच्या मुठीखाली बारीक बारीक ओरखडे होते. अडोयोच्या अंगठीचे. अडोयो म्हणजे म्झेंची बायको; दाराशी ते पुटपुटत, त्यातूनच मला हे सगळं कळलं. दार उघडताना तिची अंगठी दर वेळी घासायची. ती होती तोवर म्झे तिच्यावर खेकसायचे, "अगं, हात आहे की खुरपं?" ती मुद्दाम आणखी जोरात उघडायची. मग ती गेली, अंगठीसकट मातीत गेली. कपडे वाटले गेले, तिची भांडी सुनेने नेली. उरले ते हे ओरखडे. मला त्यांच्यावर ते कधीच घासत नसत. वरून नुसतं पाणी पिळायचे आणि पुटपुटायचे, "हळू उघड गं, अडोयो." काठावरच्यांना वाटायचं, म्हातारा गाडीशी बोलतो.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. फेरीबोटीचा तांडेल बायकोच्या ओरखड्यांपुढे गुडघे टेकतो हे ओडेरोला कळलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. आणि माझ्यावर सगळा विश्वास टाकलेला असला तरी मला तोंड कुठे होतं?

पावसाळ्यात म्झेंचा गुडघा सुजला. गाडी त्यांच्या शेजाऱ्याने आणून लावली, "नेहमीसारखी धू" म्हणाला आणि खानावळीत गेला. अपोंडीने मला खिळ्यावरून काढलं. खरं सांगतो, इतकं जपून तिने मला कधी वापरलं नव्हतं. दोन्ही बादल्या निवळू दिल्या. छत, काचा, तीन दारं झाली. मग ती चौथ्या दाराशी आली, खाली वाकली आणि खुदकन हसली.

"अस्सं! हे लपवत होते होय म्हातारबुवा! एवढा रुबाब आणि दाराला ओरखडे!"

"काय गं?" ओडेरोने विचारलं.

"काही नाही. आज म्झेंना दाखवते माझा हात कसा आहे तो."

तिने मला बॉनेटवर ठेवलं, पांढऱ्या पॉलिशची डबी आणली, फडक्याला लावली आणि गोल गोल घासू लागली. मी तिथे पडून बघत होतो. मला वाटलं, निदान घरंगळून खाली पडावं, वाळूत पडावं, म्हणजे ती मला उचलायला तरी थांबेल. पण भिजलेला मोजा जागचा हलत नाही. ती प्रेमाने घासत होती, जीभ दातांत धरून. माझ्या आयुष्यात मला इतकं असहाय कधी वाटलं नाही. थोड्या वेळाने दारात तिचा चेहरा लख्ख दिसू लागला आणि ती समाधानाने उठली.

पुढच्या शुक्रवारी म्झे काठी टेकत आले. अपोंडी वाटच बघत होती. "बघा, बघा तुमचं दार! आरसा केलाय आरसा!"

म्झेंनी मला हातात चढवलं. कसेबसे गुडघे टेकले. मग मला पुन्हा काढलं आणि उघडं बोट मुठीखाली फिरवलं. एकदा, मग परत. मी त्यांच्या मांडीवर होतो.

"छान झालंय," ते म्हणाले.

"नुसतं छान? अहो, बोटाला काही लागतंय का बघा तरी!"

"नाही लागत, न्यार-अलेगो. काहीच लागत नाही."

ते उठले, मला तिच्या हातात दिलं. "हा आता कुठल्याही गाडीला वापर." आणि न धुताच गाडी घेऊन गेले.

खिळ्यावरून सुटका व्हावी असं मला किती दिवस वाटत होतं! आता ती झाली होती, पण अपोंडीने मला दुसऱ्या गाडीला लावलं नाही. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. काठावर जलपर्णी येऊन दाटली, वाऱ्याने परत गेली. म्झे आले नाहीत. मला वाळूचा राग नाही, उन्हाचा नाही, पण वाट बघण्याचा फार राग आहे. अपोंडीचा मासाही पानावर तसाच राहू लागला.

शेवटी तिने मला बादलीत टाकलं, बादली मांडीवर घेतली आणि मताटूत बसली. म्झेंची वस्ती टेकडीवर होती. फाटकाशी शेजारणी मका सोलत बसल्या होत्या.

"काय गं, बादली घेऊन नांदायला आलीस का म्हाताऱ्याकडे?"

"नांदायला आले असते तर बादलीभर मासे आणले असते!" अपोंडीने उत्तर दिलं, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

म्झे आंब्याखाली खुर्चीत बसले होते. गाडीवर लाल धुळीचा थर. अपोंडी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काय होतं त्या दारावर, म्झे? वाळू नव्हती, गंज नव्हता. मी काय पुसलं, सांगा मला."

म्झेंनी गाडीवरच्या धुळीकडे बघतच सगळं सांगितलं. अडोयोचं नाव मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं, पण दुसऱ्या माणसाला सांगताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

अपोंडी बादली बाजूला ठेवून खालीच बसली. "अहो, मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू हसली असतीस."

"हसले असते! पोट धरून हसले असते. पण हात लावला नसता." आणि ती दणकट बाई लहान मुलीसारखी रडायला लागली.

म्झे काठीच्या आधाराने उठले, दाराशी गेले. "रडू नकोस. चल, तुला दाखवतो कुठे होते." त्यांनी धुळीत बोट टेकवलं. "इथे होते बघ. नाही, जरा इकडे. थांब... मुठीच्या मागे होते की..." बोट दारावर भटकू लागलं. त्यांचा चेहरा घाबरल्यासारखा झाला. "मला आठवेना, न्यार-अलेगो. रोज बघायचो मी. आठवेना."

तेव्हा अपोंडी डोळे पुसून उठली. मला भिजवून तिने ती जागा आधी हळूच धुतली. मग त्यांचं बोट हातात धरलं आणि मुठीच्या किंचित खाली नेऊन टेकवलं.

"इथे, म्झे. एक लांब होता, असा खाली वळलेला. त्याच्या शेजारी दोन आखूड, एकमेकांवर चढलेले. बाकी सगळे बारीक, या बाजूला. मी घासलेत ना, माझ्या हाताला पाठ आहेत."

म्झेंचं बोट तिच्या बोटाबरोबर त्या गुळगुळीत रंगावरून फिरत राहिलं, परत परत, आणि मध्येच ते म्हणाले, "हो. हो, तो लांबवाला. त्या दिवशी ती फार चिडली होती."

मित्रांनो, आता माझे झुबके झिजलेत, शिवण एका बाजूने उसवली आहे. मला सावलीत वाळवा, वाळूपासून जपा, एवढं मी मागेनच, म्हाताऱ्या मोज्याचा तो हक्कच आहे. पण एक विनंती त्याहून मोठी आहे. तुम्ही जे जीव लावून जपता, ते निदान एका माणसाला सांगून ठेवा. मोज्याला सांगू नका. मोज्याला तोंड नसतं.