मुंबईचा आठवा आकडा

बँकेतून निवृत्त झाल्यावर जयवंतराव दादरची जागा सोडून वसईला एव्हरशाईन सिटीत राहायला आले. सामान लागलं, इंटरनेटबरोबर घरचा फोनही बसला. पहिला फोन अर्थातच दादरला राहणाऱ्या मोठ्या बहिणीला, जयवंतीताईला. तिला कमी ऐकू यायचं. मोबाईलवरचं तर काहीच कळायचं नाही. नंबर बोटांना पाठ होता.

पण उचलला भलत्याच बाईंनी. “कोन?”

“जयवंतीताई आहे का?”

“अशी कोनी नाय इथं.”

त्यांनी पुन्हा सावकाश आकडे दाबले. पुन्हा त्याच बाई. तिसऱ्या खेपेला त्या वैतागतील असं वाटलं, तर त्या हसायलाच लागल्या. “भाऊ, तुमची ताई आमच्या घरात लपलेय काय? बोलता कुठून?”

“एव्हरशाईनमधून. नुकताच आलोय राहायला. हा दादरचा नंबर ना?”

“कुठलं दादर! हे वसईतलंच उमेळं. मी हंसा. आमचा नंबर सांगते, बगा.”

त्यांनी सांगितलेले सात आकडे ऐकून जयवंतरावांनी कपाळाला हात लावला. ताईचाच नंबर, फक्त शेवटचा आकडा नाही! मुंबईचे नंबर आठ आकडी, वसईचे सात. इथून मुंबईचा नंबर तसाच फिरवला, तर एक्स्चेंजला तो वसईतलाच वाटणार. सात आकडे झाले की इथलीच घंटी वाजणार, आठवा वाया. आधी शून्य लावलं की त्याला कळतं, फोन बाहेर जायचाय. पुढे बावीस लावलं की मुंबई. सगळा जन्म मुंबईत गेल्यामुळे ०२२ लावायची सवयच नव्हती.

हे त्यांनी हंसाबाईंनाही सांगितलं. “चुकलात ते बरंच झालं,” त्या म्हणाल्या. “इथं वळखीचं कोन हाय तुमच्या? या एकदा. आमची केळी तयार झालीत. ताईंना बी आना.”

०२२ लावल्यावर ताई लगेच भेटली, आणि रविवारी खरंच आली. दोघं रिक्षाने उमेळ्याला गेले. नव्या इमारतींच्या मागे हंसाबाई आणि त्यांचे यजमान शत्रुघ्नभाऊ यांची वाडी होती. ओट्यावर पोहे आले, केळी आली. हंसाबाईंचा आवाज खणखणीत. वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारायची सवय. ताईला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला. सारखं ‘काय? काय?’ न विचारता ती कितीतरी दिवसांनी कुणाशी बोलत होती, तेही पापडांपासून सुनांपर्यंत. जयवंतरावांनी तोवर तिसरं केळं सोललं.

“जयवंता, कंटाळला असशील तर तू जा घरी,” ताई म्हणाली. “मी बसते संध्याकाळपर्यंत.”

“कंटाळतात कशाला?” शत्रुघ्नभाऊ कोयता घेऊन उठले. “चला भाऊ, वाडी बगू.”

आणि जयवंतराव चपला तिथेच ठेवून त्यांच्यामागे केळीत शिरले.