गादीखालचा लिफाफा

मी एक तपकिरी सोफा बोलतोय. सध्या मुक्काम दोह्यातलं मुऐदर, पण माझी गोष्ट इथल्याच ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागातल्या फ्लॅटमधली. दोह्यात आम्हा सोफ्यांना एक घर कधी पुरत नाही. माणसांची नोकरी संपली की आम्हाला विकून ती विमानात बसतात.

विजय आणि नयना नाशिकचे. त्यांची नुपूर माझ्यावर दूध सांडतच मोठी झाली. इथेच आपले स्प्रिंग मोडतील, असं मला वाटायचं.

एके दुपारी घरात कुणी नसताना विजय आला. नोकरी गेल्याचं पत्र त्याने माझ्या गादीखाली सरकवलं आणि माझ्यावर पालथा पडून रडला. दुसऱ्या सकाळी टाय बांधून, डबा घेऊन नेहमीसारखा निघाला. चार दिवसांनी झाडलोट करताना नयनाला ते पत्र सापडलं. तिने वाचलं, पुन्हा तशीच घडी घातली आणि भाजी चिरायला गेली. डबा मात्र रोज भरत राहिली. संध्याकाळी दोघं माझ्यावर शेजारी बसून चहा प्यायची. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

एका शुक्रवारी दुपारची जेवणं उरकून तिघं एक विचित्र इंग्रजी विनोदी सिनेमा बघत होती. त्यातल्या लंडनमध्ये कुणी काही लपवलं की त्याच्या टोपीतून जिवंत मासा पडायचा. महापौरांचे तर थांबेचनात. नुपूरला हसू आवरेना.

"पापा, व्हॉट्स युवर फिश?"

नयना विजयकडे बघत राहिली. आता बोलेल, असं मलाही वाटलं.

"माझा कसला मासा? शाकाहारी माणूस मी," तो हसून म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात इनायतभाई. विजयने मला गुपचूप विकायला काढलं होतं आणि नयना नुपूरला नाचाच्या क्लासला नेते तेव्हा, पाच वाजता, त्यांना मला बघायला बोलावलं होतं. ते जुम्म्याची नमाज आटोपून दुपारीच तसेच आले.

"सोफा देखने आया हूँ भाई. आप लोग फायनल जा रहे हो ना, हमेशा के लिए?"

नयनाने सिनेमाचा आवाज बंद केला. मासे मुकाट पडत राहिले.

"मला माहीत होतं रे," ती म्हणाली. "बारा दिवस वाट बघितली."

"मग विचारलं का नाहीस?" विजय पुटपुटला.

आठवड्याने ती विजयला मागे ठेवून नुपूरला घेऊन नाशिकला गेली. मी इथे, इनायतभाईंच्या घरी आलो. निदान नव्या घरात तरी माणसांच्या गुपितांतून सुटेन, ही आशा होती. काल दुपारी इनायतभाईंनी बायको होती त्या आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि माझ्या गादीखाली एक लिफाफा सरकवला.

बाबांनो, मी नुसतं लाकूड आणि फोम आहे. मला काही सांगू नका. शेजारी जे माणूस बसलंय, त्याला सांगा.