जमीन दोन मीटर खाली

वनखात्याच्या नकाशा विभागात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. विमानातून जंगलावर लेझरचे किरण सोडले जात. किरण जिथे आपटून परत येई, तिथे तिच्या संगणकावर एक ठिपका उमटे. असे कोट्यवधी ठिपके. त्यांतले मातीला टेकलेले निवडून जमिनीचा थर काढायचा, सगळ्यांत वरचे निवडून शेंड्यांचा. दोन्हींतलं अंतर म्हणजे झाडांची उंची. डोळ्यांची पार वाट लावून तिनं काम संपवलं, तर उंची निघाली सरासरी तीन मीटर.

साहेबांचं तोंड उतरलं. "अहो, मंत्र्यांनी 'उंच वन' जाहीर करून टाकलंय! पाच तरी दाखवा."

"झाडं आहेत तेवढीच आहेत, सर."

"झाडांना हात लावूच नका, ती लोकांना दिसतात. जमीन थोडी खाली घ्या. तिच्याकडे कोण बघतंय?"

तिनं आढेवेढे घेतले. पण तिच्या बढतीची फाइल साहेबांच्याच टेबलावर पडून होती. जमीन दोन मीटर खाली गेली आणि साहेबांना पदक मिळालं. बढतीचं मात्र त्यांनी नावही काढलं नाही.

तिचा नवरा पूरनियंत्रण खात्यात होता. एकदा जेवताना तो खुशीत म्हणाला, "आम्ही तुमचा नवा नकाशा मागवला होता. अगं, तुमचं अख्खं जंगल नदीच्या पातळीखाली आहे! तुमचं ऑफिससुद्धा. रिकामं करा म्हणून कळवलंय आम्ही."

तिचा घास हातातच राहिला. मग तिनं सगळं सांगून टाकलं. तो ठसका लागेपर्यंत हसला आणि एकदम दचकला.

"अगं, पण त्या अहवालावर माझी सही आहे!"

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. "सर, जमीन परत वर घेऊ या."

"आणि माझं पदक?"

साहेबांनी पूरनियंत्रणच्या साहेबांना बोलावून घेतलं. दार बंद झालं. आत दोनदा चहा गेला. दोघं साहेब बाहेर आले ते हसतच.

"मिटलं, मोजणीबाई. ते नदी दोन मीटर खाली घेतायत."

आता मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. जागेवर येऊन तिनं जमिनीचा खरा थर स्वतःच्या सहीनिशी दोन्ही खात्यांना पाठवून दिला. मग नवऱ्याला फोन केला.

"मी जमीन जागेवर आणली. तू नदी आण."

"नोकरी जाईल गं."

"पूर खरंच आला तर तो साहेबांना विचारून येणार आहे का?"

 तो म्हणाला, "बरं. आणतो."

दोघांना नोटिसा एकाच दिवशी आल्या. तिला, वरिष्ठांच्या परवानगीशिवाय जमीन उचलल्याबद्दल. त्याला, नदीची पातळी परस्पर वाढवल्याबद्दल. जेवताना त्यांनी त्या एकमेकांना साहेबी आवाजात वाचून दाखवल्या, आणि कितीतरी दिवसांनी तिला सपाटून भूक लागली.