पलटणीच्या बोटीवरचा टोप

मित्रांनो, डोळखांबच्या डोंगरातून निघालेल्या एका टेम्पोत मी आडवा पडलो आहे आणि पडल्या पडल्याच तुम्हांला माझी हकिगत सांगतो आहे. मी एक जुना तांब्याचा टोप. दोन माणसांनी कवेत धरावं एवढा माझा घेर, दोन्ही बाजूंना जाड कड्या आणि बुडाशी एक मोठा पोचा. आयुष्यभर भात शिजवून मी आता फार दमलो आहे. पण माझा जन्म या डोंगरातला नाही, मी समुद्रावरचा आहे. हसू नका. काळ्या बुडाच्या भांड्यानेही समुद्र पाहिलेला असू शकतो.

मुंबईच्या तांबटांनी मला ठोकून घडवलं ते एका आगबोटीच्या भटारखान्यासाठी. बोटीचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. खलाशी सगळे कोकणातले, त्यांची जीभ काही तिथे वळेना, म्हणून त्यांनी तिला मावशी म्हणायला सुरुवात केली. दर सहा महिन्यांनी बंदरात मला कल्हई लावत. निखाऱ्यांवर तापवायचं, आत नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाने पुसायचं, की माझं पोट पांढरंशुभ्र. एवढं लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. कल्हई असली की माझं तांबं अन्नाला लागत नाही. ती गेली आणि माझ्यात आंबट काही शिजवलं, तर खाणारा आजारी पडतो.

दुसरी मोठी लढाई पेटली तशी सरकारने मावशीला पलटणीसाठी घेतलं. तिचा पांढरा रंग जाऊन राखाडी आला. आतल्या नटव्या खोल्या तोडून झोपायला एकावर एक तीन फळ्या ठोकल्या. मग मुंबई ते बसरा, बसरा ते सुवेझ, अशा खेपा सुरू झाल्या. जाताना पोरं गाणी म्हणत, भात कच्चा राहिला म्हणून आचाऱ्याला शिव्या घालत. येताना पोरं कमी असत, आणि भाताला कोणी नावं ठेवत नसे. त्या येतानाच्या खेपा मला जड जात.

बोटीवर भटारखाने दोन होते, कारण हिंदू-मुसलमान पोरांच्या पंगती वेगळ्या, पाणी वेगळं, टोपही वेगळे. एकदा एडनच्या अलीकडे विमानातून बॉम्ब पडला. मागचा भटारखाना गेला, त्यातला माझा जोडीदार टोप गेला, चार आचारी गेले. माझ्या बुडाचा पोचा त्याच दिवसाचा. पुढचे तीन दिवस अख्खी बोट माझ्यातली खिचडी जेवली. कोणी रांधली, हे कोणी विचारलं नाही, आणि कोणाच्या घशात ती अडकलीही नाही. चौथ्या दिवशी बंदर लागलं, नवा टोप चढवला गेला, आणि पंगती पुन्हा वेगळ्या बसल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण टोपाला तोंड मोठं असलं तरी बोलता येत नाही.

लढाई संपली. फळ्या उखडल्या, पोट मोकळं केलं आणि मावशी मालवाहू झाली. खजूर, मीठ, सिमेंट, कापसाच्या गाठी, जे मिळेल ते तिने वाहिलं. जिथे हजारभर माणसं जेवत होती तिथे चाळीस खलाशी उरले. त्यांच्यासाठी मला चुलीवर कोण चढवणार? माझ्यात बटाटे ठेवू लागले. मावशीचीही तीच गत होती. आधी तिला माणसं हात हलवून निरोप देत, आता सिमेंटच्या गोणीला कोण हात हलवतो? पंचवीसेक वर्षं ती कुरकुरत चालली. शेवटी बॉयलर थकला आणि मुंबईच्या दारूखान्यात, म्हाताऱ्या बोटी तोडतात तिथे, तिला ओढत आणलं.

तिथे मला सोमा भेटला. विशीतला पोरगा, डोळखांबकडचा, गॅसने पत्रा कापायचं काम करायचा. आमच्या मावशीला त्यानेच कापलं, तरी माझा त्याच्यावर राग नाही. भटारखान्यात मी दिसलो तेव्हा त्याने पहिल्यांदा आत हात घालून माझं पोट चाचपलं. मग मुकादमाच्या आठ दिवस मागे लागून, तोडलेल्या मालातून मला मागून घेतलं.

त्याला टोप का हवा होता, ते ऐका. त्याच्या गावात लग्नकार्याला लागणारी मोठी भांडी सामाईक होती. ती सोमाच्याच वयाच्या नवसूच्या घरी, माळ्यावर असत. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावीत, घासून परत आणावीत, अशी रीत. पण सोमाची वाडी छप्पन सालानंतर बौद्ध झाली, तिने गावकीची पूर्वापार लादलेली कामं सोडली, आणि मग त्या वाडीतलं कोणी भांडी मागायला गेलं की नवसूचा बाप ओट्यावरूनच सांगे, “भांडी कल्हईला गेलीत.” सोमाच्या बहिणीच्या लग्नात त्याचा बाप तीनदा गेला. तिन्ही वेळा भांडी कल्हईला गेलेली. नवसूचा बाप पुढे वारला तेव्हा नवसू घरचा कर्ता झाला, आणि ते वाक्यही त्याच्याकडे आलं.

मला एसटीच्या टपावर घालून सोमा वाडीत घेऊन आला त्या दिवशी लोक बघायला जमले. तेव्हापासून वाडीतलं प्रत्येक लग्न, प्रत्येक जयंती, माणूस गेल्यावरचं प्रत्येक पुण्यानुमोदन माझ्या भातावर झालं. बोटीचा टोप म्हणत मला. ती माझी सुखाची वर्षं. मग केटरिंगवाले आले, त्यांची हलकी भांडी आली, कल्हईवाल्याची सायकल यायची बंद झाली. मला विहाराच्या मागे ठेवलं. पावसाचं पाणी साचलं, कोंबड्या पिऊन जायच्या. माझी तक्रार नव्हती. थकलेल्याला बाजूला ठेवलं तर निदान विसावा मिळतो.

पण यंदा सोमाच्या नातीचं, पौर्णिमाचं लग्न ठरलं. सोमा आता सत्तरी ओलांडलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. तो एवढंच म्हणाला, “तिच्या लग्नाचं जेवण माझ्या टोपात व्हायला पायजे. मग मी कायपण मागणार नाय.” पौर्णिमाचा आजोबावर जीव. तिने दोन दिवस खपून मला चिंच, राख आणि तारेच्या घासणीने घासलं. बाहेरून घासलं, आणि आतूनही. बिचारीला काय ठाऊक? आतला फिक्का थर तिला मळ वाटला. उरलीसुरली कल्हई तिने अशी मायेने खरवडून काढली, की मी आतून लालभडक झालो.

लग्नाला आठ दिवस होते. तांदूळ निवडायला बायका जमल्या होत्या, त्यांच्यासाठी आधी आमटी करून बघू म्हणून पौर्णिमाने मला चुलीवर चढवलं. सोमाची बायको गोजाबाई पाय पसरून दारात बसली होती, तिच्या हातात चिंचेच्या कोळाचं भांडं. मी आतून ओरडत होतो. ती आमटी वाडीने खाल्ली असती, तर सोमाचा टोप वाडीत कायमचा बदनाम झाला असता.

तेवढ्यात नवसूची बायको काशी पोरीला बघायला आली. तिने सवयीने टोपात डोकावलं. तिच्या घरी जन्मभर तांब्याची भांडी.

“गो पोरी, थांब. चिंच नको घालूस,” ती म्हणाली. “आतून तांबडा झालाय टोप. कल्हई गेलीय.”

गोजाबाईने कोळाचं भांडं खाली ठेवलं. बाजेवरून सोमा हळूच म्हणाला, “काशीवैनी, कल्हईचा शब्द तुमच्या घरातनं आमी लय ऐकलाय.”

काशीने पदर सावरला. माझ्याकडे बघतच ती म्हणाली, “तुझ्या बहिणीच्या लग्नात मी नवी सून होती, सोमाभाऊ. भांडी माळ्यावरच होती. तुझा बाप उभा होता तवा मी वर ती पुसत होती.”

पौर्णिमाने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवसू स्वतः सोमाच्या अंगणात आला. डोक्यावर गावचा टोप, मान वाकलेली. टोप खाली टेकला, तो आवाज सोमाने ओळखला असावा.

“मला नको तुझा टोप,” तो म्हणाला. “माझी नात माझ्याच टोपातलं वाढील.”

“तुला द्यायला नाय आणला,” नवसू धापा टाकत म्हणाला. “ह्याचीबी कल्हई गेलीय. दहा वर्षं झाली. आता कोण नेतो गावची भांडी? तू येशील तर दोन्ही कल्हईला नेऊ.”

सोमा उठला, चाचपडत पुढे झाला आणि त्या टोपात हात घातला, दारूखान्यात माझ्यात घातला होता तसाच. मग म्हणाला, “पार गेलीय रे.”

शहापुरातला कल्हईवाला आता मोबाइलची कव्हरं विकतो. मुरबाडच्या बाजारात एक म्हातारा अजून भाता फुंकतो असं कळलं, म्हणून हा टेम्पो मुरबाडला चालला आहे. मागे आम्ही दोन टोप आणि दोन म्हातारे. गावचा टोप माझ्या शेजारी, माझ्यासारखाच उघडा पडलेला. इतकी वर्षं एका गावात राहून आमची ही पहिली भेट.

मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं दमलेलं भांडं असेल तर त्याला बाहेरून लखलखीत करून गप्प बसू नका. आत हात घालून बघा. त्याच्यावर काय लावलं होतं आणि ते कधी गेलं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ते असताना विचारा.

आत्ता टेम्पो डोळखांबच्या नाक्यावर थांबला आहे. एसटीची वाट बघणारा गावचा दामू जवळ आला आणि म्हणाला, “नवसूभाऊ, भांडी कुठं चालली?”

नवसूने सोमाकडे पाहिलं. ते वाक्य त्याने आणि त्याच्या बापाने किती वेळा म्हटलं होतं, आणि आज खरं असताना त्याला ते म्हणता येईना.

“कल्हईला चाललीत,” सोमा म्हणाला. “या वेळी खरंच.”

नवसूने खाली बघत खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली आणि माझ्या पोचा पडलेल्या बुडाखाली सारली.