सातवा नग

पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवल्यामुळे मला दोन सवयी लागल्या. दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं आणि आपलं कुणाला तोडू द्यायचं नाही. सुऱ्यांचा संच घ्यायला गेलो तेव्हा या दोन्ही सवयी सोबत होत्या. चष्मा तेवढा घरी राहिला होता.

संच भाचीसाठी हवा होता. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी लहानपणी खडू खायची, म्हणून तिचं नाव खडूच पडलं. आता तिला नोकरी लागली होती, राहायला स्वतःची खोली मिळाली होती आणि खोलीच्या एका भिंतीला छोटा ओटा होता. तिला काय द्यावं म्हणून मी पंधरा दिवस डोकं खाजवत होतो, कारण मला तिच्याशी एक जुनं प्रकरण मिटवायचं होतं.

खडू डावखुरी. ती माझ्याच वर्गात होती. तिने पाटीवर डावा हात ठेवला की मी मागे उभा राहून तिचा उजवा हात धरायचो आणि अक्षरं गिरवून घ्यायचो. तरी ऐकेना, म्हणून एकदा आठवडाभर तिचा डावा हात मी रुमालाने बाकाला बांधला. गाठ सैल होती, असं मी पुढे बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलो. रुमाल माझा असला तरी हात तिचा होता, हे मला फार उशिरा सुचलं. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त तेव्हापासून माझ्यादेखत काही लिहायचं, शिवायचं, चिरायचं झालं की ती माझ्याकडे पाठ फिरवते. ती पाठ आता मला पाढ्यांसारखी पाठ झाली आहे.

म्हणून मी ठरवलं, हाताने वापरायची वस्तू द्यायची आणि तिने ती माझ्यासमोर वापरायची.

बायकोचं म्हणणं होतं की एकच सुरी घ्या, पण चांगली घ्या. सुरी निवडणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ आहे, असं तिला सांगून मी निघालो. माझा सुरी चालवण्याचा सगळा अनुभव निरोप समारंभाच्या केकपुरता होता, हे सांगायचं राहून गेलं.

भांड्यांच्या दुकानातल्या बाईंनी तीन-चार संच मांडले. धार अंगठ्यावर बघतात, हे मी ऐकून होतो. मी मोठी सुरी उचलली, अंगठा फिरवला आणि जाणकारासारखा "वा!" म्हणालो. बाईंनी सुरी माझ्या हातातून काढून घेतली आणि धारेची बाजू वर करून परत दिली. मग त्यांनी सगळ्यांत स्वस्त संच पुढे केला. तीन साध्या सुऱ्या, पाव कापायची दातेरी सुरी, साल काढायचा पीलर आणि कात्री.

"यातली पावाची सुरी एकाच बाजूने घासलेली असते," त्या म्हणाल्या, "म्हणून…"

"म्हणून स्वस्त," मी वाक्य पुरं केलं आणि काटकसरीवर बोलायला लागलो. मधेच त्यांनी पीलर उचलून पुन्हा काही सांगायला तोंड उघडलं होतं, पण माझं भाषण तोवर काटकसरीवरून मनाच्या धारेवर आलं होतं. शेवटी त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांसारखी मान डोलावली आणि खोकं बांधून दिलं. खोक्याच्या कोपऱ्यात एका हाताचं चित्र होतं. सुरी हाताने धरायची असते, असा मी त्याचा अर्थ लावला.

"सहा नग आणलेत होय?" बायको म्हणाली. "सातवा घरात होताच."

रविवारी आम्ही दोघं खडूच्या खोलीवर गेलो. तिला संच आवडला, निदान तसं ती म्हणाली. मी लगेच पाव कापायचा आग्रह धरला. ती ओट्याकडे वळली आणि नेहमीची पाठ माझ्यापुढे आली. पहिला काप एका कडेला वहीएवढा जाड निघाला, दुसऱ्या कडेला कागदाएवढा पातळ. दुसराही तसाच. सुरी सारखी एकीकडे सरकत होती.

"माझा हातच वाकडा आहे, मामा," ती मागे न बघता म्हणाली.

हे वाक्य माझं होतं. तिची पाटी पुसताना मी ते रोज म्हणायचो.

मी उठून सुरी घेतली. उजव्या हाताने कापलं तर काप सरळ आला. डाव्याने कापलं तर खडूपेक्षा वाकडा. बायकोचा चष्मा नाकावर चढवून पात्याकडे पाहिलं. एक बाजू सपाट होती, दुसरी उतरती. खोक्यावरचा हात उजवा होता. बाईंचं 'म्हणून…' कुठे जाणार होतं, ते मला आता कळलं. वर्गात कुणी असं मधे तोंड घातलं असतं तर मी त्याला कोपऱ्यात उभं केलं असतं.

"खडू," मी म्हणालो, "ही सुरी, पीलर, कात्री, सगळं उजव्या हातासाठी केलेलं आहे. तुझा हात वाकडा नाही." मग जरा धीर करून पुढचं बोललो. "तेव्हाही नव्हता."

तिने सहाही नग टेबलावर मांडले आणि त्यांची वाटणी केली. तीन साध्या सुऱ्या स्वतःकडे ओढल्या. उरलेले तीन माझ्याकडे सरकवले. मामाने जन्मात कशाची साल काढलेली नाही, ही माहिती तिच्या मामीने न विचारता पुरवली. तेव्हा खडूने खुर्ची ओढली, ती माझ्यासमोर बसली आणि एक गाजर माझ्या हातात दिलं.

छोट्या सुरीने ती साल काढून दाखवू लागली. तिला तोंडाने काही सांगावं लागलं नाही. तिचा डावा हात बरोबर माझ्या उजव्यासमोर होता, आरशात असावा तसा. ती करील तसं मी करत गेलो. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की त्या वर्षी मीसुद्धा मागे उभा राहून तिचा हात ओढण्याऐवजी बाकाला वळसा घालून समोर बसलो असतो, तर आरसा तेव्हाही झालाच असता. दोन पावलांचं काम होतं. पस्तीस वर्षांत जमलं नाही.

गाजर धरलेली माझी डावी बोटं सारखी पीलरखाली येत होती. खडूने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग तिने मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मामा, तुझा डावा हात फार मधे मधे करतोय. रुमाल आणू का?"

एवढ्या वर्षांत ती रुमालाबद्दल पहिल्यांदाच बोलत होती. माझ्या बायकोने हसू दाबायला तोंड फिरवलं.

"आण," मी म्हणालो. "पण गाठ सैल बांधू नकोस. सैल गाठीचा काही उपयोग होत नसतो."

ती उठली नाही. तिने दुसरं गाजर माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःचं सोलायला घेतलं, समोरच बसून.