निरोगी माणसांचा मंगळ

मंगळावर पाणी कुठून आणायचं, हे मनस्वी म्हात्रेने ठरवलं होतं. जमिनीखालचा बर्फ वितळवायचा आणि एकदा मिळालेला थेंब सोडायचा नाही. घामाचं, श्वासाचं, लघवीचंसुद्धा पाणी गाळून परत नळाला. हे ऐकून रिदाने "तोबा!" म्हणून नाक दाबलं होतं, पण तिच्या वाफ्यांतला पालक त्याच पाण्यावर वाढणार होता, म्हणून तिने ते मान्य केलं.

नवीन पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजातली ही अकरावी सायन्सची टीम तिघांची. मनस्वीकडे पाणी आणि हवा, रिदाकडे शेती, विश्वजीतकडे घरं आणि माणसं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विषय होता मंगळावरची दोनशे माणसांची वसाहत. त्यांचा आराखडा अंतिम फेरीत गेला होता आणि ती फेरी पुण्यात होती. फिजिक्सचे अविनाश सर त्यांचे मार्गदर्शक.

जायच्या आधीच्या शनिवारी विश्वजीतने लॅबमध्ये आपल्या स्लाइड दाखवल्या. घुमट सुरेख काढले होते. मग 'कोण जाणार?' अशी स्लाइड आली.

"वय एकवीस ते चाळीस," तो वाचू लागला. "दमा नको. फिट येणारे नकोत. हृदयाचा आजार नको. मधुमेह नको."

"बरोबर," सर म्हणाले. "तिथे ओझं परवडणार नाही."

मनस्वीला सातवीत असल्यापासून मधुमेह होता. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नव्हतं. जेवणाआधी ती स्वतः टोचून घ्यायची आणि पुढच्या कामाला लागायची. टीममध्ये हे फक्त रिदाला माहीत होतं. लाज वगैरे काही नव्हती. पण एकदा कळलं, की लोक पेढ्यांचा बॉक्स आपल्या नाकासमोरून उचलून नेतात आणि वर दयेने बघतात, याचा तिला कंटाळा आला होता.

"म्हणजे माझं पाणी चालेल," ती म्हणाली, "मी चालणार नाही."

विश्वजीतला काही कळेना. मग तिने सांगितलं. तो गोरामोरा झाला.

"अगं, मला माहीत नव्हतं!"

"माहीत असतं तर काय केलं असतंस? मला सोडून बाकीच्यांना काढलं असतंस?"

"मनस्वी, पर्सनली घेऊ नकोस," सर मध्ये पडले. "हे सगळं कागदावरचं आहे."

"कागदावरच तर आहे, सर. कागदावर मला ठेवायला काय लागत होतं?"

सरांनी घड्याळ पाहिलं आणि लॅब बंद करायला सांगितलं.

सोमवारी त्यांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ होता. पुण्यात एक रात्र राहायचंय, तिथे काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येईल, तू इथूनच मदत कर, सादरीकरण हे दोघं करतील. मनस्वी ऐकत राहिली. तीन महिने तिने या माणसासमोर आकडेमोड केली होती, तेव्हा कुणाला काही होत नव्हतं. शनिवारी एक वाक्य बोलली आणि सोमवारी ती काचेची झाली.

"हे कागदावरचं नाहीये ना आता, सर?" तिने विचारलं.

कामोठे गावात घरी आल्यावर तिने दप्तर आपटलं. आईने, मालूने, सगळं ऐकून घेतलं. कालवण हलवणारा हात तेवढा थांबला.

"उद्या मी येते," ती म्हणाली.

"नको, आई. तू भांडशील."

"मंग? आरती करू त्याची?"

दुसऱ्या दिवशी मालू स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक मार्ग काढल्यासारखं सांगितलं, की मुलीला काही झालं तर कॉलेज जबाबदार नाही, असं लिहून द्या, मग नेतो.

"बाकीच्या पोरांच्या आयांनी लिवून दिलाय का?" मालूने विचारलं.

"त्यांना काही आजार नाही ना."

"त्यांची गाडी घाटात बंद नाय परनार? त्यांना ताप नाय येनार? सर, माजी पोर सातवीपासून तिची तीच सुई घेते. तिला काय होतं, ते तिला ठावं हाय. तुमच्या बाकीच्या पोरांना त्यांचा काय होईल, ते ठावं हाय का? मी नाय लिवून देनार."

रिदा दारातच होती. तिने तिथूनच सांगून टाकलं, "मनस्वी नाही तर मीही नाही, सर." विश्वजीत तिच्या मागे उभा होता. एकट्याने पुण्याला जाण्यात अर्थ नव्हता, हे त्यालाही कळत होतं. सरांनी कपाळ चोळलं आणि तिघांची नावं कायम ठेवली. माफी मात्र मागितली नाही.

पुण्याला जाण्याआधी त्या स्लाइडवरून परत वाजलं. विश्वजीत म्हणाला, "नियम काढला तर मार्क जातील. परीक्षकांना हेच हवं असतं."

"तिथे पोचल्यावर कुणाचा पाय मोडला तर?" मनस्वीने विचारलं. "पोचल्यावर कुणाला मधुमेह झाला तर? निरोगी म्हणून नेलेला माणूस आजारी पडला, की घुमटाचं दार उघडून बाहेर सोडणार का त्याला?"

संध्याकाळपर्यंत विश्वजीतने स्लाइडवरची 'नको'वाली यादी पुसली होती. मग त्यानेच एका घुमटात दवाखाना आखला आणि शेजारी एक खोली काढून विचारलं, "इन्सुलिन बनवतात कसं गं?"

"जिवाणूंकडून. टाक्यांमध्ये वाढवतात त्यांना."

रिदा म्हणाली, "मग टाक्या माझ्या शेतीला लागून ठेव. मी बघेन."

सादरीकरण चांगलं झालं. पाण्याच्या भागाला टाळ्या पडल्या. मग एका परीक्षकाने चष्मा वर सरकवला. "आजारी लोकांना तुम्ही आधीपासूनच जागा ठेवली आहे. हे जरा भावनिक नाही वाटत?"

मनस्वी एक पाऊल पुढे आली. "सर, पंप बिघडेल म्हणून आम्ही दुसरा पंप ठेवलाय. त्याला तुम्ही भावनिक म्हणाला नाहीत. माणूस बिघडेल, एवढंच आम्ही धरलंय."

परीक्षकाने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. बक्षिसांत त्यांचं नाव आलं नाही.

परतताना, गाडी घाट उतरत असताना, सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "त्या एका दवाखान्याच्या स्लाइडने घालवलं."

"स्लाइड तिघांची होती, सर," विश्वजीत म्हणाला. मनस्वीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

घरी आईने ताट वाढता वाढता विचारलं, "मंग पयला कोन आला?"

"एक टीम होती. त्यांच्या वसाहतीत सुरुवातीची दहा वर्षं माणसंच नाहीत. सगळे रोबो."

"मानसाबिगर गाव?"

"हो. म्हणजे कुणी आजारीच पडणार नाही."

मालूने टोपलीतली भाकरी उचलली. "आनि त्यांना बक्षीस दिला?"

"दिलं."

मालूने भाकरी ताटात आपटलीच. मनस्वीला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. तिने भाकरी मोडली आणि त्या परीक्षकाला आणखी काय काय सुनवायला हवं होतं, ते आईला सांगायला लागली.